सह्याद्रींतील आरोग्यस्थानें आणि संयत वास्तु

रायगड जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, पोलादपूर तालुक्यांत, कुडपण नांवाचें एक लहानसें गांव आहे. रायगड, रत्नागिरी व सातारा या तीन जिल्ह्यांच्या सीमा याच डोंगरांत एकमेकींस भिडतात. प्रतापगड, मकरंदगड व महिपतगड हे किल्ले याच मुलखाचे राखणदार. १९८१ सालापर्यंत कुलाबा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या नकाशांत कुडपणास मोठें स्थान कधींच नव्हतें. परंतु अलीकडे पावसाळा सुरू झाला कीं मुंबई-पुण्याची मंडळी येथील धबधबे व धुकें पाहण्यास येऊं लागलीं आहेत. आणि जेथें शहरवासी विश्रांतीसाठीं येतो, तेथें त्याच्या विश्रांतीसाठीं इमारत उभी करणाराही मागोमाग येतो. या इमारती कशा असाव्या, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो. त्याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. कुडपणच्या वरच्या बाजूस महाबळेश्वरचें पठार आहे, आणि या प्रश्नाचा जवळजवळ २०० वर्षांचा इतिहास त्या पठारावर लिहिलेला आहे.

हें पठार म्हणजे एक बेटच होय. समुद्रसपाटीपासून सुमारें ४५०० फूट उंच, चहूंबाजूंनीं तुटलेले कडे, आणि खालीं जावळीच्या रानाचा हिरवा सागर. अगदीं वर जांभ्या दगडाचा थर आहे व त्याखालीं काळा कातळ. पावसाचें पाणी सच्छिद्र जांभ्यांतून झिरपतें; खालच्या कातळाशीं आलें कीं त्यास वाट सांपडत नाहीं, म्हणून तें आडवें वाहून झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री व सावित्री या पांच नद्यांचा उगम येथें मानला जातो तो यामुळेंच. यांपैकीं सावित्री पश्चिमेस उतरते, पोलादपूर व महाड यांना पाणी पाजते आणि बाणकोटजवळ समुद्रास मिळते. तेव्हां पठारावर जें बांधलें जातें त्याचा परिणाम पठारापुरता राहत नाहीं. तो खालच्या गांवच्या विहिरीपर्यंत पोहोंचतो.

या बेटावरील पहिले प्रवासी यात्रेकरू होते. देवगिरीचा यादव राजा सिंघण हा १२१५ सालीं क्षेत्र महाबळेश्वरीं आला व त्यानें येथें लहानसें देवालय व कुंड बांधविलें, अशी परंपरा आहे. राजाच्या मनांत आणतें तर भव्य शिखर उभें राहतें. पण तेथील जुनीं मंदिरें पाहिलीं म्हणजे बांधणाऱ्यांनीं पावसाशीं स्पर्धा केली नाहीं हें ध्यानांत येतें. कृष्णाबाईच्या मंदिराचा काळा दगड, त्याची बसकी मांडणी, झऱ्याच्या पाण्यास वाट करून देणारें कुंड, या सर्वांत जागेपुढें नमून वागण्याची वृत्ति आहे.

पुढें १६५६ सालीं शिवछत्रपतींनीं जावळी घेतली व प्रतापगड बांधविला. १६५९ च्या नोव्हेंबरांत अफझलखान या खोऱ्यांत उतरला, तेव्हां येथील अरण्यानें मराठ्यांना केवढें साह्य केलें, हें प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. हें रान त्या काळीं तटबंदीइतकेंच मोलाचें होतें. त्या मुलखांतील शेतकऱ्याचें घरही रानांतूनच उभें राही. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गवताचें छप्पर, पुढें पडवी आणि पाण्यापासून बचाव करणारें उंच जोतें, एवढाच त्याचा संभार. या घराचा वास्तुशास्त्रांत कोणी गौरव केला नाहीं. परंतु पुढें साहेबांनीं जे बंगले बांधले त्यांतील पुष्कळसा शहाणपणा याच घरांत आधीं नांदत होता.

१८२४ सालीं जनरल पीटर लॉडविक हा इंग्रज अधिकारी या पठारावर चढून आला. मुंबई सरकारच्या गोऱ्या सैनिकांना ज्वर व आमांश यांनीं हैराण केलें होतें. तापाच्या कारणाचा शोध अजून फार दूर होता; मच्छरांचा त्याशीं असलेला संबंध उघडकीस आला तो १८९७ सालीं. परंतु थंड व उंच हवेंत रोगी सुधारतो, इतकें अनुभवानें कळून चुकलें होतें. गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें या कामीं पुढाकार घेतला. १८२८ सालीं आजारी सैनिकांची सोय करून पाहण्यांत आली, आणि १८२९ सालीं साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशीं करार होऊन वाई प्रांतांतील खंडाळा या गांवाच्या बदल्यांत ही जागा इंग्रजांकडे आली. नव्या वस्तीस माल्कमपेठ हें नांव पडलें. या स्थळाचा आरंभ आजाऱ्यांसाठीं झाला. विलास मागाहून आला.

त्या आरंभींच्या इमारतींकडे पाहिलें असतां पहिली गोष्ट दिसते ती ही कीं त्या आडव्या आहेत, उभ्या नाहींत. एक मजला, जांभ्याच्या जाड भिंती, रुंद व्हरांडा, खालपर्यंत उतरलेलें छप्पर आणि भोंवतीं झाडांनीं भरलेलें विस्तीर्ण आवार. शेजारचें घर झाडींतून दिसूं नये इतकें अंतर. रोग्यास लागणारी हवा, सावली व शांतता ही रचनेंतूनच मिळत असे. तीं पुरविण्यास वेगळी यंत्रसामग्री लागत नसे. दुसरी गोष्ट काळाच्या मर्यादेची. येथें वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. म्हणून हंगाम ऑक्टोबरपासून जूनच्या आरंभापर्यंत. पावसाळा तोंडाशीं आला कीं भिंतींभोंवतीं गवताच्या तट्ट्या बांधून घरें झांकीत आणि बहुतेक मंडळी खालीं उतरत. चार महिने डोंगर डोंगराच्या स्वाधीन असे. झरे भरत, माती धरून राही, गवत वाढे. ही सक्तीची विश्रांति माणसाइतकीच डोंगरालाही पथ्यकर होती.

या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. साहेबाची साधी राहणी पुष्कळांच्या कष्टांवर उभी होती. मुंबईहून जलमार्गें बाणकोट व सावित्रीची खाडी, तेथून महाड, आणि पुढें पारघाटानें पालखी, असा प्रारंभींच्या काळीं एक मार्ग होता. ती पालखी वाहणारे खांदे याच मुलखांतले. वर १८३४ पासून सुमारें ३० वर्षें एक तुरुंग होता. त्यांत मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवले जात. बटाटा व विलायती भाजीपाला यांची लागवड वाढविण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्या कैद्यांकडे जातें. त्यांच्या आरोग्याची चिंता कोणीं वाहिली, हें मात्र कोणत्याही बंगल्याच्या पाटीवर लिहिलेलें नाहीं. संयम इमारतींत होता. तो समाजव्यवस्थेंत होता असें म्हणतां येणार नाहीं.

याच जिल्ह्यांतील माथेरानची कथा याहून बोधप्रद आहे. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं तें स्थळ पुढें आणलें. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं त्यास आश्रय दिला. १९०७ सालीं आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें नेरळहून अरुंद रुळांची आगगाडी वर नेली. परंतु मोटारीस तेथें मज्जाव राहिला. तांबड्या मातीचे पायरस्ते, घोडा व हातरिक्षा यांवर हें गांव शतकभर चाललें. त्यामुळें गैरसोय झाली, हातरिक्षा ओढणाऱ्यांची दमछाकही झाली. तथापि मुंबईपासून इतक्या जवळ असूनही माथेरानचें रान उरलें, याचें मोठें कारण हा एक नियमच होय.

पांचगणीनें तिसरा धडा दिला. महाबळेश्वरच्या पूर्वेस, पावसाच्या छायेंत असलेल्या या पठारावर पाऊस बराच कमी. म्हणून तेथें बाराही महिने राहतां येई. क्षयावर गुणकारी औषध नव्हतें त्या दिवसांत, १९१२ सालीं, डॉक्टर रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं तेथें बेल-एअर हें क्षयरोग्यांचें आरोग्यधाम काढलें. स्वच्छ हवा, सूर्यप्रकाश, सकस अन्न व संपूर्ण विश्रांति हाच उपचार. युरोपांतही तोच विचार चालू होता. फिनलंडमध्यें आल्वार आल्टो यानें पायमिओ येथें बांधलेलें क्षयरुग्णालय १९३३ सालीं पुरें झालें. बिछान्यावर पडून असलेल्या रोग्याच्या दृष्टीनें त्यानें खोलीचा रंग, दिव्याची जागा, इतकेंच नव्हे तर आवाज न करतां हात धुतां येईल असें भांडें, यांचा विचार केला. शोभा उणी केली, पण काळजी उणी केली नाहीं. संयत वास्तूचा अर्थ हाच.

१९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, क्षयावर औषध आलें, आणि हवापालटाची वैद्यकीय गरज ओसरली. रोगी गेला, त्याच्या जागीं प्रवासी आला. मोटारी वाढल्या, बंगल्यांच्या आवारांत मजले चढले. अखेरीस सरकारास २००१ सालीं महाबळेश्वर-पांचगणी व २००३ सालीं माथेरान यांना पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करून वृक्षतोड, खाणकाम व बांधकाम यांवर बंधनें घालावीं लागलीं. जें पूर्वी अनुभवानें पाळलें जाई, तें आतां कायद्यानें सांगावें लागलें.

हीच गोष्ट समुद्रांतील खऱ्या बेटांवरही घडली. बाली बेटावर १९६६ सालीं दहा मजली हॉटेल उघडलें. तें पाहून लोकांचे डोळे उघडले, आणि पुढें कोणतीही इमारत नारळाच्या झाडाहून, म्हणजे सुमारें १५ मीटरांहून, उंच असूं नये असा दंडक पडला. श्रीलंकेंत जेफ्री बावा (१९१९–२००३) यानें कौलारू छप्परें, मोकळे चौक व पाण्याचे हौद यांच्या साह्यानें श्रीमंत पाहुण्यांसाठीं विश्रामगृहें बांधलीं. कंडलमा येथील त्याचें हॉटेल डोंगराला बिलगून आहे, आणि वेलींनीं इतकें वेढलेलें आहे कीं दुरून इमारत ओळखूं येऊं नये. आज जगांतील धनिक ज्या साधेपणासाठीं भरपूर द्रव्य मोजतात, तो साधेपणा आपल्या डोंगरांतील पडवीस फुकट ठाऊक होता.

कुडपणच्या बाबतींत मात्र प्रश्न केवळ अभिरुचीचा नाहीं. २२ जुलै १९२१ नव्हे, तर आपल्याच डोळ्यांदेखत, २२ जुलै २०२१ रोजीं या मुलखावर भयंकर पाऊस कोसळला. महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड येऊन ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले. या दुर्घटनांस अतिवृष्टि कारण होती. त्यांचा दोष एखाद्या इमारतीच्या माथीं मारणें योग्य नव्हे. पण हे डोंगर किती नाजुक आहेत याची साक्ष त्या दिवसानें दिली. अशा उतारावर सपाटीसाठीं माती कापणें, मुळें उखडणें, पाण्याची नैसर्गिक वाट बुजविणें, म्हणजे खालच्या वाडीच्या डोक्यावर संकट टांगून ठेवणें होय.

म्हणून कुडपणास पाहुणा यावा, गांवच्या मुलांना घरीं राहून चार पैसे मिळावे, हें सर्वथा इष्ट आहे. मात्र त्यांतील घर झाडांहून उंच नसावें, उताराशीं भांडणारें नसावें, झऱ्याच्या वाटेंत नसावें, आणि त्याचा लाभ गांवास मिळावा. मागच्या पिढ्यांना पहिल्या तीन गोष्टी पुष्कळ अंशीं साधल्या. चौथी साधली नाहीं. महाबळेश्वरच्या पठारास जें उशिरा उमगलें तें त्याच्या पायथ्याच्या गांवास आधीं उमगण्याची संधि अजून आहे. जेथें डोंगर निरोगी नाहीं, तेथें आलेल्या पाहुण्यास आरोग्य कोठून लाभणार?