कोटणीस कुटुंब (सोलापूर)

कोटणीस कुटुंब हे महाराष्ट्रातील सोलापूर शहरातील एक मराठी कुटुंब आहे. दुसऱ्या चीन-जपान युद्धात चीनमध्ये वैद्यकीय सेवा करताना मरण पावलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१० – ९ डिसेंबर १९४२) हे या कुटुंबातील सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती होत. त्यांच्या पत्नी कुओ छिंगलान या चिनी परिचारिका व अध्यापिका होत्या. या दांपत्याचा मुलगा यिनहुआ याचा जन्म १९४२ साली उत्तर चीनमधील युद्धक्षेत्रात झाला. डॉ. कोटणीसांचे वैद्यकीय कार्य सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखात सोलापूरचे घर, परदेशातील संसार, तान्ह्या मुलाचे संगोपन आणि दोन देशांतील नातलगांचे पुढील संबंध या कौटुंबिक बाजूची माहिती दिली आहे.

सोलापूरमधील पार्श्वभूमी

द्वारकानाथ यांचा जन्म सोलापूर येथे मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव शांताराम होते. द्वारकानाथ यांना दोन भाऊ आणि पाच बहिणी होत्या. त्या काळी सोलापूर हे कापड गिरण्यांचे मोठे केंद्र होते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक येथे शेजारी राहत. १९३०च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत शहरात ब्रिटिश सरकारने लष्करी कायदा पुकारला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी देण्यात आली. द्वारकानाथ यांची तरुणपणाची वर्षे आणि हा कालखंड एकच होता.

शालेय शिक्षण सोलापुरात पूर्ण केल्यावर द्वारकानाथ यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९३६ साली ते पदवीधर झाले आणि पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करू लागले. आठ भावंडांच्या मध्यमवर्गीय घरात मुलगा डॉक्टर होणे ही मोठी गोष्ट होती, आणि त्याच्या मिळकतीचा घराला आधार होईल ही अपेक्षा स्वाभाविक होती. त्यामुळे परदेशी जाण्याचा त्यांचा निर्णय साऱ्या घरावर परिणाम करणारा ठरला.

चीनला जाण्याचा निर्णय

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर व्यापक आक्रमण केले. चिनी सेनानी चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ साली जनतेला आवाहन केले. जमलेल्या निधीतून एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठवण्यात आले. अलाहाबादचे डॉ. मदन मोहन अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर सदस्य होते.

पथकात जाण्यासाठी घरच्यांची परवानगी मागायला द्वारकानाथ सोलापूरला गेले. त्यांच्या भगिनी मनोरमा यांनी पुढे दिलेल्या मुलाखतींनुसार वडिलांनी त्यांना प्रोत्साहन दिले, तर मुलगा इतक्या दूर जाणार म्हणून आई खिन्न झाली. चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले यापलीकडे घरात कोणालाही चीनची माहिती नव्हती, अशीही आठवण त्यांनी सांगितली आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून ‘राजपुताना’ या जहाजाने निघाले. त्या वेळी द्वारकानाथ २७ वर्षांचे आणि अविवाहित होते.

वडिलांचा मृत्यू

हाँगकाँग, कँटन आणि हँकाऊ या मार्गाने पथक चुंगकिंगला पोहोचले. येनानला जाण्याच्या तयारीत असतानाच, १९३९च्या आरंभी द्वारकानाथ यांना वडिलांच्या मृत्यूची बातमी मिळाली. घरी परतण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तथापि हाती घेतलेले काम पूर्ण केल्याशिवाय परत न जाण्याचे त्यांनी ठरवले. दूरदेशी असताना घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू होणे आणि अंत्यविधीसही पोहोचता न येणे हा स्थलांतरितांच्या वाट्याला वारंवार येणारा प्रसंग आहे. कोटणीस कुटुंबावर तो प्रवासाच्या पहिल्याच काही महिन्यांत ओढवला.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. चोळकर आणि मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने लवकर परतले, त्यानंतर अटलही परतले. बसू १९४३ साली भारतात आले. पाचांपैकी कोटणीस मात्र मायदेशी परत येऊ शकले नाहीत.

नामकरण आणि भाषा

चीनमधील वास्तव्यात पथकातील प्रत्येक सदस्याने चिनी नाव धारण केले. ही नावे शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्रमुख प्राध्यापक तान युनशान यांनी सुचवली होती. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर होते. या अक्षराचा अर्थ ‘चीन’ असा होतो. त्यानुसार कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

कोटणीसांनी चिनी भाषा चिकाटीने आत्मसात केली. आरंभी दुभाष्याची मदत घेणारे कोटणीस पुढे रुग्णांशी थेट चिनीत बोलू लागले आणि विद्यार्थ्यांना शल्यचिकित्साही त्याच भाषेत शिकवू लागले. शल्यचिकित्सेच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनी चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिले. त्याचा पुढील भाग त्यांच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिला. भाषेवरील हे प्रभुत्व त्यांच्या व्यवसायाला जसे उपयोगी पडले, तसेच चिनी पत्नीबरोबरच्या संसारालाही आधारभूत ठरले.

विवाह

कुओ छिंगलान यांचा जन्म १९१६ साली शान्शी प्रांतात झाला. परिचारिकेचे शिक्षण घेतल्यानंतर १९३९ साली त्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाल्या. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय विद्यालयात त्या शुश्रूषाशास्त्र शिकवत असत. बेथ्यून हे नोव्हेंबर १९३९ मध्ये जखमींवर उपचार करताना झालेल्या जंतुसंसर्गाने मरण पावले होते. जून १९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात कोटणीस आणि छिंगलान यांची भेट झाली. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस हे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. दोघे एकाच संस्थेत काम करत असल्याने त्यांचा परिचय वाढला आणि १९४१च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला.

हा विवाह दोन्ही बाजूंच्या रूढ चौकटीबाहेरचा होता. वराकडील कोणीही नातलग विवाहास उपस्थित राहण्याची शक्यता नव्हती. मंगलाष्टके, मुहूर्त किंवा सासर-माहेरचा सोहळा नव्हता. रुग्णालयातील सहकारी आणि विद्यार्थी हाच त्यांचा गोतावळा होता.

युद्धक्षेत्रातील संसार

कोटणीस दांपत्य ज्या भागात राहत होते तो शान्शी, चाहार आणि होपेय या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेश होता. १९४१-४२ मध्ये जपानी सैन्याने या प्रदेशावर वारंवार मोहिमा काढल्या. ‘सर्व जाळा, सर्व मारा, सर्व लुटा’ या आशयाने ओळखले जाणारे जपानी धोरण याच काळातील होय. शत्रू जवळ आला की रुग्णालय आणि विद्यालय यांना जागा बदलावी लागे. रुग्ण, औषधे व शस्त्रक्रियेचे साहित्य पाठीवर किंवा खेचरांवर लादून डोंगरातून हलवले जाई. शस्त्रक्रिया व अध्यापन शेतकऱ्यांच्या घरांतही चाले. अन्नाचीही टंचाई होती आणि भरड धान्य हा आहाराचा मुख्य भाग होता.

अशा परिस्थितीत स्थिर घर ही कल्पनाच संभवत नव्हती. पती-पत्नी दोघेही पूर्ण वेळ काम करणारे होते. कोटणीस शस्त्रक्रिया, अध्यापन आणि लेखन करत, तर छिंगलान परिचारिकांना प्रशिक्षण देत. दिवसातील फार थोडा वेळ त्यांना खासगी जीवनासाठी मिळत असे.

यिनहुआचा जन्म

२३ ऑगस्ट १९४२ रोजी या दांपत्याला मुलगा झाला. त्याचे ‘यिनहुआ’ हे नाव सेनानी न्ये रोंगचेन यांनी सुचवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. अशा रीतीने आई-वडिलांचे दोन्ही देश मुलाच्या नावात एकत्र आले. वडिलांच्या चिनी नावातील अखेरचे अक्षरही त्यात आपोआप उतरले. मुलाचे आडनाव चिनी पद्धतीप्रमाणे नावाच्या आधी येणारे ‘के’ असे होते.

यिनहुआच्या जन्मानंतरही कोटणीसांचे काम थांबले नाही. त्यांना अपस्माराचे झटके येत असत आणि अतिश्रमामुळे त्यांची प्रकृती खालावत होती. उपचारासाठी अन्यत्र जाण्याचा सहकाऱ्यांचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे होपेय प्रांताच्या तांग परगण्यातील गेगोंग या गावी त्यांचे निधन झाले. मृत्यूसमयी ते ३२ वर्षांचे होते. यिनहुआ तेव्हा १०८ दिवसांचा होता, तर छिंगलान २६ वर्षांच्या होत्या. पिता-पुत्राचा सहवास साडेतीन महिन्यांचाच ठरला. माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेशात सैन्याचा सहायक आणि राष्ट्राचा मित्र गमावल्याची भावना व्यक्त केली.

पुढील जीवन

पतीच्या निधनानंतर मुलाच्या संगोपनाची जबाबदारी छिंगलान यांच्यावर आली. पुढे त्यांनी पुनर्विवाह केला आणि चीनच्या ईशान्येकडील दालियन या बंदरशहरात त्या स्थायिक झाल्या. दुसऱ्या विवाहापासूनही त्यांना अपत्ये झाली. कोटणीस कुटुंबाशी असलेले नाते मात्र त्यांनी तुटू दिले नाही. त्यांनी भारताला अनेकदा भेट दिली आणि सासरच्या नातलगांशी संबंध राखले. ‘कोटणीसांसोबतचे माझे जीवन’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आहे.

यिनहुआ चीनमध्येच वाढला. वडिलांप्रमाणे त्यानेही वैद्यकशास्त्राचा अभ्यासक्रम निवडला. तथापि शिक्षण पूर्ण होण्याआधीच १९६७ साली त्याचा मृत्यू झाला. त्यामुळे द्वारकानाथ यांचा थेट वंश खुंटला. छिंगलान यांचे २८ जून २०१२ रोजी दालियन येथे निधन झाले.

भारतातील नातलग

द्वारकानाथ यांचे बंधू मंगेश कोटणीस यांनी ‘द ब्रिज फॉर एव्हर’ हे त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्यांच्या काही बहिणी मुंबईत राहत. भारतभेटीवर येणाऱ्या चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांना भेटण्याची प्रथा दीर्घकाळ पाळली. २००६ साली राष्ट्राध्यक्ष हू चिनथाओ, २०१३ साली पंतप्रधान ली खछ्यांग आणि २०१४ साली राष्ट्राध्यक्ष शी चिनपिंग यांनी या कुटुंबातील व्यक्तींची भेट घेतली. १९६२च्या भारत-चीन युद्धानंतर दोन्ही देशांच्या संबंधांत अनेक चढउतार आले, तरी या कौटुंबिक नात्याचा उल्लेख दोन्ही बाजूंकडून आदराने होत राहिला.

चित्रपटातील चित्रण

ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे पुस्तक लिहिले. त्यावर आधारित ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९४६ साली दिग्दर्शित केला. त्यात शांताराम यांनी कोटणीसांची, तर जयश्री यांनी छिंगलान यांची भूमिका केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. चित्रपटाच्या अखेरीस कोटणीसांची विधवा पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन सोलापूरच्या घरी येते असे दाखवले आहे. प्रत्यक्षात असे घडले नाही. कोटणीसांच्या मृत्यूनंतर छिंगलान आणि यिनहुआ चीनमध्येच राहिले. ज्या घरातून मुलगा गेला त्या घरात नातू परत यावा, ही प्रेक्षकांच्या मनातील इच्छा चित्रपटाने पूर्ण केली असे म्हणता येईल. तथापि अनेकांच्या मनात चित्रपटातील प्रसंगच इतिहास म्हणून रुजल्याने हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

स्थलांतराच्या इतिहासातील स्थान

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या इतिहासात लहान मुलांचा विचार प्रामुख्याने करावा लागतो अशी उदाहरणे आधीही आढळतात. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमा या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या होत्या. मुलीने कोणत्या भाषेत वाढावे, कोणते अन्न खावे आणि कोणते धार्मिक संस्कार घ्यावेत हे प्रश्न त्यांना तेथील यजमानांशी बोलून, प्रसंगी वाद घालून सोडवावे लागले. रमाबाईंची मुलगी पुढे स्वदेशी परतली. यिनहुआच्या बाबतीत मात्र पितृभाषा शिकवणारा पिताच उरला नाही, आणि तो आईच्या देशात, आईच्या भाषेत वाढला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण व नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढली. त्यांच्या मुलांसाठी अमेरिकेसह अनेक देशांत मराठी शाळा चालवल्या जातात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ हे काम संघटितपणे करते. कोटणीसांच्या काळी अशी कोणतीही व्यवस्था उपलब्ध नव्हती.

स्मारके

द्वारकानाथ यांचे अवशेष १९५३ साली होपेय प्रांतातील शच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत हलवण्यात आले. तेथे १९७६ साली त्यांचे स्मारक दालन उभारण्यात आले. त्यांच्या सन्मानार्थ चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली टपाल तिकीट प्रसिद्ध केले. सोलापुरात भैय्या चौक परिसरातील कोटणीसांच्या जन्मघराचे जतन करून महानगरपालिकेने तेथे स्मारक केले आहे.

हे सुद्धा पाहा

द्वारकानाथ कोटणीस
नॉर्मन बेथ्यून
दुसरे चीन-जपान युद्ध
डॉ. कोटनीस की अमर कहानी
पंडिता रमाबाई
सोलापूर