रणांगणातून घरी : दक्षिणेतील मराठी दप्तरे आणि सैनिकाचे पत्र

१

कावेरीकाठच्या कुंभकोणमचा उल्लेख मराठी इतिहासलेखनात बहुधा मुत्सद्द्यांचे जन्मगाव म्हणून येतो. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव येथे १८२८ मध्ये जन्मले. त्यांचे चुलतबंधू व इंदूरचे दिवाण रघुनाथराव हेही याच परिसरातील मराठीभाषक देशस्थ घराण्याचे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची सत्ता हाती घेतल्यानंतर कावेरीच्या खोऱ्यात जो मराठी समाज वसला, त्यात लेखणी चालवणारे होते तसेच तलवार चालवणारेही होते. लेखणीवाल्यांची स्मृती नावानिशी टिकली. शिपायांची स्मृती मात्र हजेरीपटांतील आणि खर्चाच्या यादींतील नोंदींपुरती उरली.

कुंभकोणमचा परिसर युद्धाला अपरिचित नव्हता. १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी तंजावर प्रांत उद्ध्वस्त केला आणि फेब्रुवारी १७८२ मध्ये कुंभकोणमपासून जवळच, कोळ्ळिडम नदीच्या काठी अण्णगुडी येथे टिपूने कर्नल ब्रेथवेटच्या सैन्याचा पराभव केला. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर एवढाच राहिला आणि उर्वरित प्रांत कंपनीच्या कारभाराखाली गेला. पदच्युत अमरसिंहाचे वास्तव्य कुंभकोणमनजीक तिरुविडैमरुदूर येथे होते. तेथेच १८०२ मध्ये त्याचा अंत झाला. यानंतर युद्ध या खोऱ्यातून दूर गेले, पण खोऱ्यातील माणसे युद्धावर जात राहिली. तमिळ, तेलुगू, मुसलमान आणि मराठी शिपायांनी बनलेल्या मद्रास सैन्याच्या पलटणी १८०३ मध्ये असईच्या लढाईत होत्या आणि १८१७-१८ च्या युद्धातही दख्खनमध्ये होत्या. दख्खनमध्ये लढणाऱ्या या शिपायांचे घर दक्षिणेत होते. त्या घराकडे जाणाऱ्या पत्राचे काय झाले, हा इतिहासाचा प्रश्न आहे तसाच वाङ्मयप्रकाराचाही आहे. पत्र कोणी लिहिले याइतकेच ते कोणी जपले हेही त्याचे स्वरूप ठरवते. एकाच काळातील तीन दप्तरे शेजारी ठेवली असता हे स्पष्ट होते.

२

पहिले उदाहरण थॉमस मन्रो याचे. हा ग्लासगोच्या व्यापारी कुटुंबातील तरुण जानेवारी १७८० मध्ये मद्रासला उतरला आणि त्याच वर्षी हैदर अलीविरुद्धच्या युद्धात ओढला गेला. पुढील सुमारे चार दशके तो आई-वडिलांना, भावाला आणि बहीण अर्स्किन हिला पत्रे लिहीत राहिला. १८१८ मध्ये त्याने बदामी, बेळगाव व सोलापूर हे किल्ले घेतले आणि १८२० मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला. १८२७ मध्ये पत्तिकोंडा येथे पटकीने त्याचा मृत्यू झाला. अवघ्या तीन वर्षांनी, १८३० मध्ये, ग्लेग या लेखकाने त्याच्या पत्रव्यवहारावर आधारलेले चरित्र प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. मन्रोची कागदपत्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

या पत्रांना ‘घर’ होते, म्हणजे एका जागी स्थिर असलेला, वाचता येणारा आणि पत्र जपून ठेवणारा वाचक होता. हजारो मैलांच्या अंतरामुळे लेखकाला परक्या मुलखाचे वर्णन करणे भाग होते. त्यामुळे त्याच्या पत्रात विनोद, आत्मनिरीक्षण व प्रवासवर्णन यांना सहज वाव मिळाला. मात्र मुद्रित स्वरूपात ही पत्रे चरित्रनायकाची पत्रे झाली. जो पुढे गव्हर्नर झाला, त्याच्या तारुण्यातील पत्रे भावी मोठेपणाचा पुरावा म्हणून निवडली गेली. जतनाचा हेतू कौटुंबिक, तर प्रकाशनाचा हेतू सार्वजनिक होता. हे दोन थर वेगळे केल्याशिवाय मन्रोचे पत्र ‘सैनिकाचे पत्र’ म्हणून वाचता येत नाही.

३

दुसरे दप्तर मिरजेचे. पटवर्धन सरदार मोहिमेवर असताना छावणीतून मिरजेस, तासगावास आणि पुण्यास सतत पत्रे जात. मिरजेच्या शाळेत शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) यांनी ही पत्रे निवडून, लावून आणि त्यांना विवेचक प्रस्तावना जोडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत १८९७ पासून प्रसिद्ध केली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी राज्याच्या इतिहासास या मालेने भक्कम आधार दिला.

एकोणिसावे शतक उजाडताना पटवर्धनांचा मुलूख अखंड युद्धात होता. सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पडले. जून १८०० मध्ये धोंड्या वाघाशी लढताना धोंडोपंत गोखले मारले गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आर्थर वेलस्लीने धोंड्याचा शेवट केला. या मोहिमेच्या काळात वेलस्ली आणि तेव्हा कानडा प्रांताचा कारभार पाहणारा मन्रो यांचा पत्रव्यवहार चालू होता. एकच मुलूख व एकच वर्ष दोन भाषांतील, दोन लेखनपरंपरांतील पत्रांतून पाहता येतो, ही तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने दुर्मीळ सोय होय.

मराठी छावणीपत्राची घडण इंग्रजी पत्राहून वेगळी आहे. नात्यानुसार व दर्जानुसार ठरलेला मायना, उभयपक्षी कुशलाची देवघेव, त्यानंतर ‘विशेष’ म्हणून मजकूर आणि शेवटी लोभाची विनंती, असा त्याचा सांगाडा असतो. मजकूर पुष्कळदा कारकुनाच्या हातचा असतो. धान्याची धारण, वैरण, घोड्यांची पडझड, दुखणी, मेलेल्यांची नावे हे सारे एका दमात येते. पराभवाचे दुःखही मायन्याच्या चौकटीबाहेर जात नाही. या संयमाला भावनाशून्यता समजणे चूक ठरेल. घरातील पत्र चारचौघांत वाचले जाई आणि वाटेत शत्रूच्या हाती लागण्याचाही धोका असे. त्यामुळे खाजगीपणाची कल्पनाच येथे निराळी आहे.

तथापि मिरजेचे दप्तर हे सरदाराचे दप्तर होते. ज्या घराचे पत्र हेच राज्यकारभाराचे साधन होते, त्या घराने ते जपले. साध्या राऊताचे घर या व्यवस्थेत दिसते ते पत्रलेखक म्हणून नव्हे, तर ‘बालपरवेशी’च्या नोंदीत. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस दिलेल्या नेमणुकीला हे नाव होते. शिपायाने घरी काय लिहिले ते हरवते, पण त्याच्या मरणानंतर घराला काय मिळाले ते लिहून राहते.

४

तिसरे दप्तर तंजावरचे. सरस्वती महाल ग्रंथालयातून मिळालेले मोडी कागद हजाराहून अधिक रुमालांत बांधलेले होते. राजवाड्याचा खर्च, छत्रे, देवस्थाने, औषधशाळा, यात्रा आणि पगार यांचा तो तपशीलवार हिशेब आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये यांपैकी निवडक कागदांचा तमिळ अनुवाद तीन खंडांत प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १९८४ मध्ये के. एम. वेंकटरामय्या यांचा तंजावरच्या मराठा राजवटीतील प्रशासन व समाजजीवन यांवरील ग्रंथ याच विद्यापीठाने काढला होता. मोडीतील मराठी दप्तर तमिळ वाचकापर्यंत पोचवण्याचे हे काम मोलाचे आहे.

डिसेंबर १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्याच महिन्यात दख्खनमध्ये देवगाव व सुर्जी अंजनगावच्या तहांनी भोसले आणि शिंदे यांचा पराभव कागदावर आला. दक्षिणेतील राजाने आपल्या वंशाची स्मृती दगडात जपली, तेव्हा कावेरीच्या खोऱ्यातील शिपाई कंपनीच्या पलटणींतून दख्खनमध्ये वावरत होते. या शिपायाचे पत्र न टिकण्याची कारणे समजण्यासारखी आहेत. मद्रास सैन्यात शिपायांची कुटुंबे बहुधा पलटणीबरोबर तळावर राहत, म्हणजे घरच छावणीमागे चाले. १८११ ची जावा मोहीम किंवा १८२४ चे ब्रह्मदेशाचे युद्ध यांसारख्या समुद्रापारच्या मोहिमांतच घर मागे राही. लिहिता न येणाऱ्यास लेखनिक शोधावा लागे आणि पत्र पोचल्यावर ते वाचून दाखवणाराही लागे. असे पत्र ऐकण्यासाठी असे. ऐकून झाले की त्याचे काम संपे.

कुंभकोणमसारख्या गावात आणखी एका कारणाची भर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्याच्या महसुली कचेऱ्यांत मराठीला स्थान होते. ते स्थान गेले, १८५५ मध्ये तंजावरची गादी खालसा झाली आणि मोडी वाचण्याचे व्यावहारिक प्रयोजन संपले. घरात मराठी बोलली जात राहिली, पण लेखन तमिळ व इंग्रजीत गेले. ज्या कागदावरील अक्षर घरातील कोणालाच लागत नाही, तो कागद सर्वांत आधी धोक्यात येतो. दमट हवा आणि कसर ही त्यानंतरची संकटे होत. मराठी दप्तरांतील काजळी शाई सहसा फिकी पडत नाही. अक्षर टिकते आणि वाचणारा उरत नाही, ही या प्रदेशातील खरी हानी आहे.

५

सामान्य भारतीय सैनिकाचा शब्द मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाला तो पहिल्या महायुद्धात, आणि तोही जतनाच्या हेतूने नव्हे. फ्रान्समधील भारतीय सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी १९१४ मध्ये परीक्षण-यंत्रणा उभी राहिली. तिच्या अहवालांबरोबर पत्रांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित होऊन सरकारदप्तरी राहिले. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवड १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत मराठी पत्रांचेही उतारे आहेत, परंतु मराठी वाक्य तेथे नाही. मायना गेला, अक्षराचे वळण गेले, बोलीही गेली. उरला तो परीक्षकाला महत्त्वाचा वाटलेला आशय.

कुटुंब, संस्थान आणि परीक्षक अशा तीन रक्षकांनी तीन प्रकारची पत्रे मागे ठेवली. कुटुंबाने व्यक्ती जपली, संस्थानाने व्यवहार जपला, परीक्षकाने मनोवृत्ती जपली. या तिन्हींची तुलना करताना एकाचे निकष दुसऱ्यास लावता येत नाहीत. मन्रोच्या पत्रातील मोकळेपणा मराठी पत्रात शोधून तो न सापडल्याबद्दल मराठी मनाविषयी निष्कर्ष काढणे हे साधनांच्या इतिहासाकडे दुर्लक्ष करणे होय.

यातून जतनाची पद्धतही निश्चित होते. रुमालातील कागदांचा मूळ क्रम मोडू नये, कारण मराठी पत्रात अनेकदा चंद्र व महिना असतो पण वर्ष नसते, आणि शेजारचा कागद हाच काळ ठरवण्याचा आधार असतो. पत्र पोचल्याची ‘पैवस्ती’ नोंद वेगळी टिपावी. लिहिल्याची व पोचल्याची तिथी यांतील अंतर म्हणजे घराने काळजीत काढलेले दिवस होत. बालबोध लिप्यंतर करताना शुद्धलेखन सुधारू नये. तंजावरी कागदांतील चक्रम, पणम, कलम यांसारखे नाण्यांचे व मापांचे शब्द मराठी प्रतिशब्दांनी झाकू नयेत, कारण त्या मिश्रणातच या समाजाचा इतिहास आहे. हे काम करण्यास मोडी, मराठी आणि तमिळ या तिन्हींत गती असलेला वाचक हवा. मिरजेच्या दप्तराला खरे लाभले ते एका शाळामास्तराच्या चिकाटीमुळे. कावेरीकाठच्या घरोघरीच्या कागदांना तसा वाचक मिळणे हे यापुढे व्यक्तीच्या चिकाटीवर सोडता येणार नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात मोडीला स्थान दिल्यास तो वाचक घडू शकतो. असा वाचक घडेपर्यंत कुंभकोणमच्या शिपायाचे घर इतिहासात हजेरीपटाच्या एका ओळीपुरतेच राहील.