मंगळवेढ्याची एक संतकथा आणि शुश्रूषेचा भार

संतकथांचा सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून कितपत उपयोग करता येईल, हा प्रश्न जुना आहे. चमत्कार वगळला म्हणजे मागे इतिहास उरतो, अशी समजूत पुष्कळदा आढळते. परंतु चमत्काराला दिलेले रूपही काही वेळा बोलके असते. मंगळवेढ्याच्या चोखामेळा कुटुंबाविषयीची एक कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा व तिचा पती बंका या सर्वांच्या नावे अभंग आहेत. परंपरा सांगते ती अशी की, सोयराबाईंचे दिवस भरले असता घरात काही नव्हते. चोखोबा त्यांना तशाच सोडून निर्मळेच्या गावी निघून गेले. तेव्हा विठ्ठलाने निर्मळेचे रूप घेऊन सोयराबाईंचे बाळंतपण केले.

प्रसूती हा आजार नव्हे, हे खरे. तथापि त्या काळी, त्यातही दारिद्र्यात, ती जिवावरचे दुखणे ठरू शके. चोखोबांचे निघून जाणे ही विरक्ती म्हणावी की भार असह्य झाल्याचे लक्षण, याचा निर्णय पुराव्याने होणार नाही. मात्र आजाऱ्याजवळचे माणूस खचते व दूर होते, हा अनुभव श्रोत्यांच्या परिचयाचा असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

याच गावच्या दामाजीपंतांच्या कथेत देव विठू महाराच्या रूपाने बेदरास जाऊन धान्याची रक्कम भरतो. तेथे उणीव द्रव्याची होती. सोयराबाईंच्या कथेत उणीव माणसाची आहे. म्हणून देव वैद्य होत नाही, नणंद होतो. अस्पृश्य मानलेल्या घरी बाहेरचा हात मिळणे दुरापास्त होते. उरत ती नात्याची माणसे, आणि त्यांतही स्त्रिया. देवालाही येथे स्त्रीरूप घ्यावे लागावे, यावरून हे काम कोणाचे मानले जाई, हे स्पष्ट होते.

‘शुश्रूषा’ हा शब्द संस्कृत ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला आहे. ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून आज्ञाधारक सेवा व पुढे रुग्णसेवा असा अर्थविस्तार झाला. या शब्दात ऐकणारा एकच आहे. त्याचे स्वतःचे म्हणणे मराठीत सविस्तर नोंदले जाण्यास फार काळ जावा लागला. न्यायमूर्ती रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. त्यांच्या अखेरच्या आजाराची हकीकत रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत दिली. ही हकीकत उशाशी बसलेल्या पत्नीची आहे. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या ज्या सेवासदनाची धुरा त्यांनी वाहिली, त्याने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट करून दिली. नणंदेच्या जागी शिकलेली परिचारिका येऊ लागली, ती अशा प्रयत्नांतून.

शुश्रूषेचा इतिहास लिहिताना वैद्यकग्रंथांबरोबर अशी साधनेही तपासली पाहिजेत. रोग कोणता होता याबरोबरच रुग्णाजवळ कोण होते, आणि त्या माणसाला विसावा देणारे दुसरे कोणी होते काय, हेही त्यांना विचारावे लागेल.