शीग गेली, माप उरलं

जुन्या वस्तू जपायचं वेड आमच्या घरात आजी-आजोबांकडून आलं. कुणी दिवे जपतं, कुणी अडकित्ते. माझ्या वाट्याला मापं आली. आजोबांचा पितळी शेर, आजीची लोखंडी पट्ट्यांची लाकडी पायली आणि तिच्या पोटात बसणारं मापटं-चिपटं. घरी येणारे विचारतात, "याचं काय करायचं?" म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे भरून मोजायचं माप. वजनाचा शेर वेगळा, चाळीस शेरांचा मण. शिवाय गाव बदललं की माप बदलायचं. जुना मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे जेमतेम पावणेतेरा किलो. सरकारी मण मात्र 82 पौंडांहून जास्त, सदतीस किलोंच्या वर! नाव एकच, माल जवळजवळ तिप्पट. "मापात पाप" ही म्हण उगाच आलेली नाही. घेताना मोठं माप आणि देताना लहान, असे व्यवहार चालत आणि त्यात भरडला जाई तो शेतकरी.

आजोबा मशीद बंदरला धान्याच्या एका पेढीवर गुमास्ते होते. त्यांच्याकडून ऐकलेलं आठवतं, मापाडी धान्य मोजताना "एक" म्हणत नसे. पहिल्या मापाला "लाभ" म्हणायचं, मग दोन, तीन... आजीही तसंच मोजायची. बलुतेदाराला किंवा दारी आलेल्याला धान्य देताना ती मापावर शीग लावायची. धान्य काठाच्या वर चढून घरंगळायला लागेपर्यंत ओतायचं. स्वतः उसनं घेताना मात्र हाताने सपाट करून घ्यायची. तिच्या पायलीचा एक काठ झिजलाय, तो त्या हातानेच झिजला असावा, असं मला वाटतं.

मग दशमान पद्धत आली. 1956 साली कायदा झाला, 1957 च्या 1 एप्रिलला नवे पैसे आले आणि 1958 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम. 1962 पर्यंत जुनी वजनं बाजारातून हद्दपार झाली. आमची पिढी शाळेत दोन्ही कोष्टकं घोकलेली. पुढे मी वर्गात दशमानच शिकवलं आणि आनंदाने शिकवलं. एका देशात एकच किलो, ही गरिबाच्या फायद्याचीच गोष्ट होती. फक्त किलोला शीग नसते, एवढंच.

बाजारही जागचा हलला. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती 1977 साली स्थापन झाली आणि शहरातली कोंडी कमी करायला घाऊक बाजार खाडीपलीकडे न्यायचं ठरलं. कांदा-बटाटा 1981 साली आला, मसाला आणि धान्य नव्वदीच्या सुरुवातीला, फळं-भाजी 1996 साली. आजोबांची पेढीही अशीच मशीद बंदरहून इकडे आली, तेव्हा ते नव्हते. आज आपल्या एपीएमसी मार्केटात दाणा बाजारातून फिरलं, तर इलेक्ट्रॉनिक काटे, पोती आणि क्विंटलचे भाव. पायली म्हटलं तर नवीन मुलं हसतात. तरी जुनं अगदी पुसलं गेलेलं नाही. हापूसची पेटी अजून डझनांवर बोलली जाते. तिकडे कापसाच्या व्यापारात तर आजही खंडीचा भाव निघतो, फक्त ती खंडी आता 356 किलोंची धरतात.

आणि घरात? नवी सून उंबऱ्यावरचं माप ओलांडते, तेव्हा बाजाराने टाकलेलं तेच माप आपण मानाने मांडतो. "पायलीचे पन्नास" असंही म्हणतो, पायली कधी पाहिलेली नसली तरी!

पुण्याचे दिनकर केळकर (कवी अज्ञातवासी) यांनी आयुष्यभर अशाच रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि 1975 साली सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. राजा हा त्यांचा अकाली गेलेला मुलगा, त्याच्या नावाने ते संग्रहालय आहे. तिथे गेलं की कळतं, अडकित्ता किंवा दिवा हासुद्धा इतिहासाचा कागद असतो. पण तो वाचता यायला हवा.

माझी काळजी तीच आहे. आमच्याच नात्यात एका घरी शेर मोडीत गेला. मोडवाल्याने तो काट्यावर ठेवला आणि किलोच्या भावाने पैसे दिले. दुसऱ्या घरी पायलीत मनीप्लँट लावलाय. दिसतो छान, नाही म्हणत नाही. पण पुढच्या पिढीला ती कुंडीच वाटणार.

म्हणून नातेवाईकांना एक विनंती. तुमच्याकडे असं माप असेल, तर एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा : कुणाचं, कोणत्या गावचं, त्यात काय मोजलं जाई. शक्य झालं तर एकदा तांदूळ भरून त्यात किती मावतात तेही लिहा. एकदा सपाट आणि एकदा शीग लावून. दोन्हींतला फरक किती भरतो, तो मलाही कळवा.