धारूरचा किल्ला

जंजिऱ्यास समुद्राने जे संरक्षण दिले, तेच बालाघाटाच्या डोंगरांत धारूरला दऱ्यांनी दिले आहे. बीड जिल्ह्यातील ह्या किल्ल्याच्या तीन अंगांस खोल दऱ्या आहेत. राहिलेल्या चौथ्या अंगास मात्र मनुष्याला खंदक खणावा लागला.

१५६५ मध्ये विजयनगराविरुद्ध दक्षिणेतील सुलतान एक झाले. ह्या स्नेहाला बळकटी यावी म्हणून अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली होती. समान शत्रूचे भय सरले, तसा स्नेहही विरला. अवघ्या दोन वर्षांनी, १५६७ च्या सुमारास, आदिलशहाचा सरदार किश्वरखान सरहद्दीवर येऊन धारूरचा किल्ला उभारू लागला. अर्थात ही तटबंदी मेहुण्याच्या राज्यावर रोखलेली होती.

तो मेहुणा म्हणजे चांदबिबीचा भाऊ मुर्तजा निजामशहा. वयाने तरुण, आणि आईच्या हातची सत्ता नुकतीच त्याने आपल्याकडे घेतलेली. १५६९ मध्ये तो धारूरवर चालून आला. फेरिस्ता सांगतो की, किश्वरखानाचे एक उद्दाम पत्र त्यास पोहोचले. ते वाचताच तो तडक घोड्यावर बसला व किल्ल्यात शिरेपर्यंत लगाम खेचणार नाही असे बोलला. ह्यात दरबारी कथेचा रंग थोडाफार असेलच. पण फेरिस्ता प्रथम ह्याच मुर्तजाच्या पदरी होता आणि पुढे विजापुरास गेला, म्हणून दोन्ही घरची कुजबूज त्याच्या कानी आली असणार. बाण लागून किश्वरखान पडला आणि किल्ला निजामशाहीत गेला. दऱ्या जिथल्या तिथेच राहिल्या. धनी मात्र बदलला!

पुढे १६३१ च्या जानेवारीत शहाजहानचा सेनापती आजमखान आला. ते वर्ष दक्षिणेतील भयंकर दुष्काळाचे. किल्ल्यालगत कसबा व पेठ होती. आसपासच्या खेड्यांतील लोक तेथे आठवड्याच्या बाजाराला येत. दऱ्यांनी दुर्गम केलेला किल्ला सहज हाती येण्यासारखा नव्हता. खानाने आधी ही पेठ लुटली. तटाचा आसरा सैन्याला होता, बाजारकऱ्यांना नव्हता. मग किल्लाही पडला. आत सापडलेल्या बंदिवानांत खुद्द निजामशहाची आजी होती.

मोगलांनी धारूरला फतेहाबाद हे नाव दिले. ते कागदोपत्री व नाण्यांवर चालले. लोकांच्या तोंडी मात्र ‘किल्लेधारूर’च राहिले.