डॉडरिजची सरहद्द

एक चांगली गाय वासरासह द्यावी आणि बदल्यात एक बुशेल मीठ घ्यावे, असा दर १७७०च्या दशकात पश्चिम पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या सरहद्दीवर होता. एक बुशेल म्हणजे ८४ पौंड. शरदातील पेरणी उरकली की शेजारची चार घरे मिळून घोड्यांचा तांडा करीत, वर्षभर साठवलेली कातडी लादून डोंगरापलीकडच्या बाजारपेठा गाठत आणि एकेका घोड्यावर दोन बुशेल मीठ घेऊन परतत. विक्रेता मीठ हाताने अलगद मापात सोडी. ते दबून जास्त बसू नये म्हणून मोजणी चालू असताना कुणी जमिनीवर जड पावले टाकायची नाहीत!

हा तपशील जोसेफ डॉडरिजचा. जन्म १७६९चा, पुढे धर्मोपदेशक आणि वैद्य. ज्या वस्तीत तो वाढला तिचे वर्णन त्याने १८२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सरहद्दीवरील जीवनाचे इतके जवळून केलेले चित्रण आमच्या वाचनात दुसरे नाही. धावऱ्यावर काळ्या मांजराचे रक्त हा उतारा समजला जाई. त्यामुळे कान-शेपूट शाबूत असलेले काळे मांजर दिसणेच दुर्मिळ, असे तो मिस्कीलपणे नोंदवतो. चेटकिणीचे चित्र काढून त्यावर चांदीचा अंश असलेली गोळी झाडीत. मुलांना जॅक आणि राक्षसाच्या कथा तोंडपाठ असत, आणि प्रत्येक कथेत जय जॅकचाच. पुढे कादंबऱ्यांनी या कथांना हुसकावले याची डॉडरिजला हळहळ वाटते. साहित्याच्या अभ्यासकांनी ही हळहळ जरूर लक्षात घ्यावी.

परंतु या ग्रंथाचे खरे मर्म आम्हांला त्यातील कायद्याच्या प्रकरणात दिसते. न्यायालय नाही, शिपाई नाही. जे काही होते ते शेजाऱ्यांचे मत. नवविवाहितांचे ओंडक्यांचे घर सारी वस्ती दोन-तीन दिवसांत उभे करी. हात लावायला न येणाऱ्याला कुणी दंड करीत नसे, मात्र त्याच्या गरजेच्या वेळी कुणी फिरकत नसे. आळशी, लबाड, किंवा मोहिमेवर जाण्यास कचरणारा माणूस असेल, तर लोक त्याचा असा काही तिरस्कार करीत की त्याला सुधारावे तरी लागे, नाहीतर गाव सोडावे लागे. आपल्याकडील वाळीत टाकण्याची आठवण होते. पण इथे जातही नव्हती आणि निवाडा देणारी पंचायतही नव्हती. डॉडरिज या व्यवस्थेचे कौतुक करतो, आणि ते अनाठायी म्हणता येत नाही.

डॉडरिज बारा-तेरा वर्षांचा असताना, मार्च १७८२मध्ये, त्याच्याच भागातील स्वयंसैनिक डेव्हिड विल्यमसनच्या नेतृत्वाखाली ओहायोतील ग्नाडेनहुटेनला गेले. तिथे मोरेव्हियन पंथाचे ख्रिस्ती झालेले डेलावेअर लोक होते. आदल्या वर्षी त्यांना सँडस्कीकडे बळजबरीने हलवले गेले होते. उपासमार सोसवेना म्हणून ते मागे राहिलेला मका गोळा करण्यास परतले होते. सैनिकांनी त्यांना पकडले. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न विल्यमसनने सैनिकांपुढेच ठेवला. दया दाखवावी असे वाटणाऱ्यांनी पुढे यावे, असे सांगण्यात आले. फार थोडे आले. रात्रभर कैद्यांची प्रार्थनागीते चालू होती. दुसऱ्या दिवशी ९६ जणांना ठार मारण्यात आले. त्यांत मुले होती.

डॉडरिज या हत्याकांडाचा कठोर शब्दांत धिक्कार करतो. तरी विल्यमसनला तो क्रूर मानत नाही: माणूस शूर होता, दोष इतकाच की तो लोकमतापुढे फार सहज झुकला, स्वयंसैनिकांना सल्ला देता येई, हुकूम नव्हे. आम्हांला हा बचाव पुरेसा वाटत नाही. पण त्यातील निदान अचूक आहे. मोहिमेला न जाणाऱ्याला ज्या मताचे भय होते, त्याच मताचे भय पुढे पाऊल टाकू पाहणाऱ्यालाही असणार. ज्या हातांनी शेजाऱ्याचे घर उभारले, त्यांतलेच काही हात त्या सकाळी तिथे होते.

या प्रकरणात कुणालाही शिक्षा झाली नाही. विल्यमसनला वॉशिंग्टन परगण्याच्या लोकांनी पुढे शेरीफ म्हणून निवडून दिले.