व्यंगमुद्राचित्रे, ब्रिटिश
तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, बहुधा हाताने रंगवलेली उपहासचित्रे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये त्यांची खास दुकाने होती. काचेआडची नवी चित्रे पाहायला फुकट्यांची गर्दी जमे. पिकॅडिलीतील फोर्स हा दुकानदार तर चित्रांच्या वह्या संध्याकाळपुरत्या भाड्यानेही देई. जेम्स गिलरे (१७५६–१८१५) हा श्रेष्ठ चित्रकार प्रकाशिका हॅना हम्फ्री हिच्या दुकानावरच राहत असे. त्याच्या १७९१ च्या एका चित्रात श्रीरंगपट्टणच्या तटावरून म्हैसूरचा टिपू सुलतान मूत्रधार सोडतो आणि इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पळ काढतो. ‘मान्सून आला’ हा मथळ्यातला टोमणा. प्रत्यक्षात श्रीरंगपट्टणहून माघारीच्या वाटेवरील उपाशी इंग्रज फौजेला हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी छावणीतून धान्य मिळाले.